डेस्कटॉपच्या राइट क्लिक मेनूत टर्मिनलची नोंद : महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

संगणक प्रयोगशाळेत टर्मिनलवर प्रथमच काम करणाऱ्या विद्यार्थ्यास जी अडचण सर्वांत आधी भेडसावते ती बहुधा स्थानाची असते. फाइल एका फोल्डरमध्ये असते आणि टर्मिनल दुसऱ्याच फोल्डरमध्ये उघडलेले असते. डेस्कटॉपवर किंवा फोल्डरच्या रिकाम्या जागेवर माऊसची उजवी कळ दाबल्यावर येणाऱ्या मेनूत ‘येथे टर्मिनल उघडा’ अशी नोंद केल्यास ही अडचण दूर होते. प्रस्तुत लेखात या नोंदीमागील तत्त्व, लिनक्स व विंडोज या प्रणालींवर ती करण्याची पद्धत, देवनागरी नावांमुळे येणारे प्रश्न, सुरक्षिततेची पथ्ये आणि प्रात्यक्षिक मूल्यमापनाशी तिचा असलेला संबंध यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : टर्मिनल, शेल, राइट क्लिक मेनू, चालू फोल्डर, पाथ, प्रात्यक्षिक मूल्यमापन.

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली. त्यामुळे कला व वाणिज्य शाखांचे विद्यार्थीही कौशल्याधारित अभ्यासक्रमांच्या निमित्ताने संगणक प्रयोगशाळेत येऊ लागले आहेत. मराठीचा विद्यार्थी शब्दांची वारंवारिता मोजण्यासाठी, तर भूगोलाचा विद्यार्थी पर्जन्यमानाच्या नोंदी हाताळण्यासाठी एखादा लहानसा प्रोग्राम चालवतो. अशा वेळी त्याची गाठ टर्मिनलशी पडते. म्हणून या लेखाचा विषय वरवर केवळ संगणकशास्त्राचा वाटला तरी तो सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांच्या उपयोगाचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या विषयाकडे लक्ष वळण्यास एक प्रसंग कारणीभूत ठरला. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षेत सुरगाणा तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने सरळव्याज काढण्याचा सी भाषेतील प्रोग्राम लिहिला आणि तो डेस्कटॉपवर साठवला. नंतर तिने कंट्रोल, ऑल्ट व टी या कळा दाबून टर्मिनल उघडले व संकलनाची आज्ञा दिली. या नावाची फाइल किंवा फोल्डर नाही, असा इंग्रजी संदेश आला. फाइल तर डोळ्यांसमोर डेस्कटॉपवर दिसत होती. आपल्या प्रोग्राममध्येच काही चुकले असावे असे समजून तिने तो पुसून पुन्हा लिहिला. पुन्हा तोच संदेश आला. तिसऱ्यांदा लिहीत असतानाच वेळ संपली. परीक्षक म्हणून प्रस्तुत लेखकाने ‘प्रोग्राम चालला नाही’ असा शेरा मारून गुण दिले. संध्याकाळी संगणक बंद करताना सहज म्हणून ती फाइल योग्य फोल्डरमधून संकलित केली. नुकत्याच लिहिलेल्या तिसऱ्या प्रतीत केवळ अखेरचा कंस राहिला होता. तो दिल्यावर प्रोग्राम बिनचूक चालला. गुणपत्रक जमा व्हायचे होते म्हणून गुणांत दुरुस्ती करता आली. परंतु परीक्षा सी भाषेची होती आणि गुण कापले गेले होते ते फोल्डर न सापडल्याबद्दल, ही गोष्ट मनातून गेली नाही. प्रस्तुत लेख हा त्या चुकीच्या विचारातून तयार झाला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) टर्मिनलमधील ‘चालू फोल्डर’ ही संकल्पना संगणकेतर विषयांच्या अध्यापकांनाही समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे.
२) राइट क्लिक मेनूतील नोंद नेमके काय कार्य करते ते सांगणे.
३) लिनक्स व विंडोज प्रणालींवर अशी नोंद करण्याची पद्धत विशद करणे.
४) या सोयीच्या मर्यादा, धोके व अध्यापनातील तिचे स्थान यांचा विचार करणे.

लेखात आज्ञा व फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन अक्षरांतच टंकित करावी लागतात, हे येथेच नमूद करणे आवश्यक आहे.

१. टर्मिनल आणि मेनू : थोडी पार्श्वभूमी

टर्मिनल हा शब्द मुळात एका यंत्रासाठी वापरला जात असे. मोठा संगणक एका खोलीत असे व त्याला तारेने जोडलेली टंकयंत्रे, पुढे कळफलक आणि पडदा असलेली उपकरणे, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली असत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये आणलेले व्हीटी-१०० हे अशा उपकरणांपैकी विशेष प्रसिद्ध होय. आज पडद्यावर जी काळी किंवा पांढरी चौकट उघडते ती या उपकरणाची नक्कल आहे. त्या चौकटीच्या आत जो प्रोग्राम आपली आज्ञा वाचतो व ती पार पाडतो त्याला शेल म्हणतात. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्स प्रणालीचा आरंभ झाला. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये आला आणि ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश हा शेल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत आजही बॅशच आढळतो.

जागच्या जागी उघडणाऱ्या मेनूची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात स्मॉलटॉक प्रणालीच्या निमित्ताने आकारास आली. सामान्य वापरकर्त्याच्या हाताला उजव्या कळीची सवय लागली ती मुख्यतः १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ मुळे. या मेनूचे वैशिष्ट्य असे की तो जागा पाहून बदलतो. फाइलवर क्लिक केल्यास फाइलीसंबंधीचे पर्याय येतात, रिकाम्या जागेवर केल्यास त्या फोल्डरसंबंधीचे येतात. म्हणजेच आपण कोठे आहोत हे मेनूला ठाऊक असते. पुढील सर्व विवेचन याच एका गोष्टीवर आधारलेले आहे.

२. मूळ अडचण : स्थान

टर्मिनल उघडल्यावर शेल कोणत्या तरी एका फोल्डरमध्ये ‘उभा’ असतो. त्या फोल्डरला चालू फोल्डर म्हणता येईल. आज्ञेत केवळ फाइलचे नाव लिहिले तर शेल आणि त्याने सुरू केलेले प्रोग्राम ती फाइल चालू फोल्डरमध्येच शोधतात. ती तेथे नसेल तर ‘नाही’ असे उत्तर मिळते. फाइल संगणकावर अन्यत्र असेल काय, हा शोध कोणी घेत नाही.

नाशिकच्या संदर्भात उदाहरण द्यावयाचे झाल्यास, रविवार कारंजावर उभ्या असलेल्या पाहुण्यास ‘सरळ जा, दुसऱ्या गल्लीत डावीकडे वळा’ असे सांगितले तर त्यास घर सापडेल. हेच शब्द नाशिकरोड रेल्वे स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या पाहुण्यास सांगितले तर तो भलत्याच दारी पोहोचेल. सांगणाऱ्याचे शब्द दोन्ही वेळा तेच होते, ऐकणारा उभा होता ती जागा निराळी होती. केवळ फाइलचे नाव देणे हे असे सापेक्ष वर्णन आहे. याउलट राज्य, जिल्हा, गाव, गल्ली व घर क्रमांक असलेला टपालाचा पत्ता कोठूनही चालतो. संगणकाच्या परिभाषेत अशा संपूर्ण पत्त्यास पूर्ण पाथ म्हणतात.

कंट्रोल-ऑल्ट-टी या कळांनी उघडलेले टर्मिनल सामान्यतः वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये उभे असते. विद्यार्थी मात्र डेस्कटॉपवर किंवा पेन ड्राइव्हवर फाइल साठवतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने अनेक संगणकीय विषयांचे सुमारे दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य धडे तयार केले असून त्यांपैकी कित्येक मराठीतही उपलब्ध आहेत. या धड्यांत टर्मिनल उघडण्यासाठी याच तीन कळांचा वारंवार उपयोग केलेला दिसतो. धडा पाहून घरी सराव करणारा विद्यार्थी फाइल अन्यत्र साठवतो आणि तेथेच अडतो. प्रयोगशाळेत निदान अध्यापक जवळ असतात. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या दूरशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यास घरी एकट्याने सराव करताना तीही सोय नसते.

या अडचणीवर दोन आज्ञा शिकवल्या जातात. पीडब्ल्यूडी ही आज्ञा शेल कोठे उभा आहे ते सांगते. या नावावरून बांधकाम खात्याची आठवण होऊन वर्गात हशा पिकतो व आज्ञा कायमची लक्षात राहते. दुसरी आज्ञा सीडी ही होय. तिने शेलचे स्थान बदलता येते. या दोन्ही आज्ञा आवश्यकच आहेत. तथापि नवख्या विद्यार्थ्यास त्या वापरण्यापूर्वी आपली अडचण स्थानाची आहे हे मुळात कळावे लागते आणि नेमके तेच त्यास कळत नाही.

३. मेनूतील नोंद नेमके काय करते

युनिक्स परंपरेतील प्रणालींत चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचे चालू फोल्डर असते. एका प्रोग्रामने दुसरा सुरू केला तर दुसऱ्यास पहिल्याचे स्थान वारशाने मिळते. वारसा वरून खाली उतरतो, खालून वर जात नाही. सीडी ही आज्ञा स्वतंत्र प्रोग्राम म्हणून न ठेवता शेलच्या अंतर्भागातच का ठेवली आहे, याचे कारणही हेच. ती स्वतंत्र प्रोग्राम असती तर तिने स्वतःचे स्थान बदलले असते आणि ती संपताच तो बदलही संपला असता. शेल होता तेथेच राहिला असता.

राइट क्लिक मेनूतील नोंद या वारशाचा उपयोग करून घेते. विद्यार्थ्याने ज्या फोल्डरच्या रिकाम्या जागेवर क्लिक केले त्याचा पूर्ण पाथ फाइल व्यवस्थापकास ठाऊक असतो. नोंदीवर क्लिक होताच तो हा पाथ टर्मिनलला देतो आणि टर्मिनल शेलला त्या जागी उभे करून उघडते. डोळ्यांना दिसणारी जागा व शेल उभा असलेली जागा यांतील अंतर अशा प्रकारे नाहीसे होते.

४. नोंद करण्याची पद्धत

(अ) लिनक्स

लिनक्सच्या अनेक वितरणांत ही सोय आता आयतीच मिळते. जीनोम डेस्कटॉपच्या नॉटिलस या फाइल व्यवस्थापकासाठी पूर्वी वेगळे पॅकेज घ्यावे लागत असे. पुढे जीनोम टर्मिनलबरोबरच ती सोय येऊ लागली. एक्सएफसीई डेस्कटॉपच्या थुनार या व्यवस्थापकात ‘येथे टर्मिनल उघडा’ या अर्थाची नोंद मुळातच असते आणि ‘एडिट’ मेनूतील ‘कॉन्फिगर कस्टम ॲक्शन्स’ या पर्यायातून नव्या नोंदी भरता येतात. केडीईच्या डॉल्फिनमध्ये एफ-४ ही कळ दाबल्यास खिडकीच्या खालच्या भागातच टर्मिनल उघडते व ते चालू फोल्डरमध्ये उभे असते.

मग स्वतःची नोंद कशासाठी करावी? याचे उत्तर असे की, आयती नोंद टर्मिनल उघडून थांबते. आपल्या विद्यार्थ्यास उपयोगी पडेल असे नाव व वर्तन तिला देता येत नाही. उदाहरणादाखल लिनक्स मिंट या वितरणातील सिनॅमन डेस्कटॉप व त्याचा निमो हा फाइल व्यवस्थापक घेऊ. होम फोल्डरमध्ये ‘लोकल’ या नावाचे, टिंबाने सुरू होणारे व म्हणून लपलेले फोल्डर असते. त्यात ‘शेअर’, त्यात ‘निमो’ आणि त्यात ‘ॲक्शन्स’ असा क्रम आहे. या शेवटच्या फोल्डरमध्ये ‘निमो-ॲक्शन’ हे विस्तारनाम असलेली एक साधी मजकूर फाइल तयार करावी. दोन शब्दांच्या मध्ये अधोरेषा असते. फाइलच्या पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ‘निमो ॲक्शन’ हे शीर्षक असते. त्यानंतरच्या ओळींचे कार्य पुढीलप्रमाणे आहे.

नेम : मेनूत दिसणारे इंग्रजी नाव.
नेम, त्यास लागून चौकोनी कंसात एमआर : मराठी भाषा निवडलेल्या संगणकावर दिसणारे नाव. एमआर हा मराठीचा संकेत आहे. येथे देवनागरीतच ‘येथे टर्मिनल उघडा’ असे लिहावे.
कॉमेंट : नोंदीचे एका वाक्यातील स्पष्टीकरण.
एक्झेक : क्लिक केल्यावर चालवायची आज्ञा.
सिलेक्शन : नोंद केव्हा दिसावी याची अट. ‘नन’ लिहिल्यास कोणतीही फाइल निवडलेली नसताना, म्हणजे रिकाम्या जागेवर क्लिक केल्यास, नोंद दिसते.
एक्सटेन्शन्स : कोणत्या प्रकारच्या फाइलींसाठी ही नोंद आहे ते. येथे ‘एनी’ व त्यापुढे अर्धविराम लिहावा.
कंडिशन्स : ऐच्छिक ओळ. येथे ‘डेस्कटॉप’ व अर्धविराम लिहिल्यास नोंद फक्त डेस्कटॉपवरच दिसते. सर्व फोल्डरांत हवी असल्यास ही ओळ वगळावी.

एक्झेकच्या ओळीत जीनोम टर्मिनलला ‘वर्किंग डिरेक्टरी’ या पर्यायाद्वारे टक्केचिन्ह व मोठा पी ही जोडी द्यावी. निमो या जोडीच्या जागी चालू फोल्डरचा पाथ घालतो. एवढ्याने आयत्या नोंदीइतके काम होते.

यापुढचे पाऊल अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. टर्मिनल उघडताच ते कोठे उभे आहे आणि तेथे कोणत्या फाइली आहेत हे त्याने स्वतःहून सांगावे, अशी व्यवस्था करता येते. त्यासाठी त्याच ॲक्शन्स फोल्डरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवावी व एक्झेकच्या ओळीत तिचे नाव आणि पाथाची जोडी कोनी कंसात लिहावी. कोनी कंसामुळे निमो ती स्क्रिप्ट त्याच फोल्डरमध्ये शोधतो. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी सीएचमॉड या आज्ञेने द्यावी लागते. ती न दिल्यास नोंद दिसते, परंतु क्लिक केल्यावर काहीही घडत नाही.

स्क्रिप्टचे काम दोन टप्प्यांचे आहे. प्रथम मिळालेल्या पाथावर जावे व जाता न आल्यास थांबावे. नंतर जीनोम टर्मिनल उघडून त्यातील बॅशला क्रमाने तीन गोष्टी सांगाव्यात : पीडब्ल्यूडीने स्थान दाखव, एलएसने फाइलींची यादी दाखव आणि अखेर एक्झेक बॅश या आज्ञेने पुढील आज्ञांची वाट पाहत बस. तिसरी आज्ञा विसरल्यास पहिल्या दोन पूर्ण होताच टर्मिनल मिटते व विद्यार्थ्यास केवळ एक झलक दिसते. नवशिक्याकडून होणाऱ्या चुकांत ही चूक नेहमीची आहे.

एका संगणकावर नोंद नीट चालल्यावर ती सर्वांसाठी करावी. निमोच्या सामाईक नोंदी ‘यूएसआर’ फोल्डरमधील ‘शेअर’, ‘निमो’, ‘ॲक्शन्स’ या मार्गावर ठेवल्यास त्या संगणकावरील प्रत्येक वापरकर्त्यास दिसतात. यासाठी व्यवस्थापकाचे अधिकार लागतात.

(ब) विंडोज

विंडोजमध्ये ही सोय अनेक रूपांतून गेली आहे. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून शिफ्टची कळ दाबून राइट क्लिक केल्यास कमांड विंडो उघडण्याचा पर्याय दिसू लागला. २०१७ मधील विंडोज १० च्या सुधारणेत त्याची जागा पॉवरशेलने घेतली. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये टर्मिनलचा पर्याय मुख्य मेनूतच आला. याखेरीज फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी ही तीन अक्षरे लिहून एंटर दाबल्यास त्याच फोल्डरमध्ये कमांड विंडो उघडते. ही युक्ती फारशी ठाऊक नसली तरी अत्यंत सोयीची आहे.

स्वतःची नोंद करावयाची असल्यास रजिस्ट्री संपादक उघडून ‘एचकी करंट यूझर’, ‘सॉफ्टवेअर’, ‘क्लासेस’, ‘डिरेक्टरी’, ‘बॅकग्राउंड’, ‘शेल’ या क्रमाने जावे. मधली एखादी की नसेल तर ती तयार करावी. करंट यूझर या शाखेत बदल करण्यासाठी व्यवस्थापकाचे अधिकार लागत नाहीत. शेलखाली नवी की तयार करून तिच्या डिफॉल्ट मूल्यात मेनूतील नाव मराठीत लिहावे. त्या कीखाली ‘कमांड’ या नावाची दुसरी की करून तिच्या डिफॉल्ट मूल्यात आज्ञा लिहावी. आज्ञेचे भाग असे : सीएमडी, त्यानंतर तिरक्या रेषेसह एस व के हे दोन पर्याय, मग पुश-डी ही आज्ञा आणि शेवटी दुहेरी अवतरणचिन्हांत टक्केचिन्ह व मोठा व्ही.

यातील के हा पर्याय आज्ञा संपल्यावरही विंडो उघडी ठेवतो. सीडीऐवजी पुश-डी वापरण्याचेही कारण आहे. अनेक प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांच्या फाइली नेटवर्कवरील सामाईक फोल्डरमध्ये असतात. दोन तिरक्या रेषांनी सुरू होणाऱ्या नेटवर्कच्या पाथावर सीएमडी थेट उभा राहू शकत नाही. पुश-डी त्या पाथास तात्पुरते ड्राइव्ह अक्षर देऊन तेथे पोहोचवते. विंडोज ११ मध्ये अशा रीतीने केलेली नोंद ‘शो मोअर ऑप्शन्स’ या पर्यायाखाली दिसते. रजिस्ट्रीत बदल करण्यापूर्वी संबंधित भागाची प्रत एक्सपोर्ट करून ठेवणे इष्ट होय.

५. मोकळी जागा व देवनागरी नावे

आपल्या विद्यार्थ्यांच्या फोल्डरांची नावे ‘प्रथम वर्ष’, ‘सराव संच’ अशी असतात. शेलच्या दृष्टीने मोकळी जागा ही दोन शब्दांमधील सीमा आहे. स्क्रिप्टमध्ये पाथ अवतरणचिन्हांत न घेतल्यास ‘प्रथम’ हा एक पत्ता व ‘वर्ष’ हा दुसरा, अशी फोड होते आणि नोंद निकामी ठरते. म्हणून पाथ नेहमी दुहेरी अवतरणचिन्हांतच घ्यावा. इंग्रजी एकशब्दी नावाच्या फोल्डरवर चाचणी करणाऱ्या अध्यापकास हा दोष दिसत नाही. तो दिसतो विद्यार्थ्याच्या फोल्डरवर.

देवनागरी नावांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. युटीएफ-८ या संकेतनपद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात व मात्रा स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजल्या जातात. ‘नाशिक’ या शब्दात न, काना, श, वेलांटी व क अशी पाच चिन्हे असल्याने पंधरा बाइट होतात. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हे एवढी आहे. प्रकल्पाचे संपूर्ण शीर्षकच फाइलला देण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यांस ही मर्यादा आड येऊ शकते.

नॉटिलसमध्ये स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. नॉटिलस चालू फोल्डरचा पत्ता ज्या चलातून पुरवतो त्यात तो यूआरआय स्वरूपात असतो. या स्वरूपात देवनागरीचा प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे ‘नाशिक’ हा शब्द ४५ अक्षरांचा होतो व तो जसाच्या तसा सीडीला दिल्यास फोल्डर सापडत नाही. रोमन नावांवर सुरळीत चालणारी स्क्रिप्ट मराठी नावांवर अडते ती येथे. सुदैवाने नॉटिलस आपली स्क्रिप्ट चालू फोल्डरमध्येच सुरू करतो. तेव्हा त्या चलाचा नाद सोडून वारशाने मिळालेल्या स्थानावरच विसंबणे श्रेयस्कर.

६. सुरक्षिततेची पथ्ये

पहिले पथ्य असे की, मेनूतील नोंद व्यवस्थापकाच्या अधिकाराने टर्मिनल उघडणारी नसावी. प्रयोगशाळा साहाय्यकास ती सोयीची वाटते. परंतु एका क्लिकवर मिळालेला असा अधिकार चुकीच्या फोल्डरमध्ये वापरला गेल्यास सर्वांच्या फाइली नष्ट होऊ शकतात.

दुसरे पथ्य पेन ड्राइव्हसंबंधी आहे. लिनक्सचा शेल प्रोग्राम शोधताना चालू फोल्डरमध्ये पाहत नाही. म्हणूनच आपला प्रोग्राम चालवताना नावापूर्वी टिंब व तिरकी रेषा द्यावी लागते. विंडोजचा सीएमडी मात्र सर्वप्रथम चालू फोल्डरमध्येच पाहतो. पेन ड्राइव्हवर पायथन या नावाची बनावट फाइल असेल व तेथेच टर्मिनल उघडून विद्यार्थ्याने पायथन ही आज्ञा दिली, तर बनावट फाइलच चालेल. पॉवरशेलने हा मार्ग बंद केला असून तेथेही टिंब व तिरकी रेषा द्यावी लागते. विंडोजच्या प्रयोगशाळेत नोंद करताना पॉवरशेलचा विचार करावा तो यासाठी. फाइल आधी आपल्या फोल्डरमध्ये घ्यावी व मगच टर्मिनल उघडावे, ही शिस्तही लावावी.

७. एक आक्षेप व त्याचा विचार

या सोयीवर सहकाऱ्यांकडून एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. विद्यार्थ्यास आयती जागा मिळाली तर तो पाथ व सीडी शिकणार नाही आणि मेनू नसलेल्या दूरस्थ सर्व्हरवर पूर्णतः असहाय ठरेल, असे हे म्हणणे आहे. पाढे पाठ होण्यापूर्वी गणकयंत्र हाती देण्याबाबतचा वाद असाच आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते या आक्षेपाचे उत्तर क्रमात आहे. पहिल्या काही तासिकांत पीडब्ल्यूडी, एलएस व सीडी यांचाच सराव द्यावा व मेनूतील नोंद दाखवू नये. पाथ ही संकल्पना रुजल्यावर नोंद तयार करण्याचे काम विद्यार्थ्यांनाच प्रात्यक्षिक म्हणून द्यावे. ती करताना लपलेले फोल्डर, मजकूर फाइलमधील मांडणी, चालवण्याची परवानगी, अवतरणचिन्हे व वारशाचे तत्त्व या सर्व गोष्टी त्यास हाताळाव्या लागतात. शिवाय उघडताच स्थान व यादी दाखवणारी नोंद पाथ लपवत नाही. प्रत्येक क्लिकबरोबर तो विद्यार्थ्याच्या नजरेखालून जातो.

परीक्षेचा प्रश्न याहून वेगळा आहे. ज्या परीक्षेचे उद्दिष्ट पाथ व सीडी तपासणे हे आहे तेथे नोंद नसावी. ज्या परीक्षेचे उद्दिष्ट सी अथवा पायथन भाषेतील विचार तपासणे हे आहे तेथे ती असावी. आपण काय मोजत आहोत हे परीक्षकाने आधी ठरवावयास हवे. ते न ठरवल्याने प्रस्तावनेत सांगितलेली चूक घडली.

निष्कर्ष

१) नवख्या विद्यार्थ्याच्या ‘प्रोग्राम चालत नाही’ या तक्रारीमागे प्रोग्राम निर्दोष असून टर्मिनलचे स्थान चुकलेले असू शकते.
२) राइट क्लिक मेनूतील नोंद ही दिसणारी जागा व शेलची जागा यांचा मेळ घालते. तिचे तत्त्व चालू फोल्डरच्या वारशाचे आहे.
३) आयती नोंद उपलब्ध असली तरी स्थान व यादी दाखवणारी, मराठी नावाची स्वतंत्र नोंद अध्यापनास अधिक उपयुक्त ठरते.
४) मोकळी जागा व देवनागरी अक्षरे असलेल्या फोल्डरवर चाचणी झाल्याखेरीज नोंद पूर्ण झाली असे मानू नये.

शिफारशी

१) प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी सर्व संगणकांवर एकसारखी नोंद आहे किंवा कोठेही नाही, याची खात्री करावी. काही संगणकांवर ती असणे व काहींवर नसणे अन्यायकारक होय.
२) ‘प्रोग्राम चालला नाही’ असा शेरा देण्यापूर्वी परीक्षकाने पीडब्ल्यूडी व एलएस या दोन आज्ञा देऊन पाहाव्यात.
३) प्रात्यक्षिक पुस्तिकेत ‘फाइल सापडत नाही’ या इंग्रजी संदेशाचा अर्थ मराठीत व ठळकपणे द्यावा.

समारोप

मेनूतील एक ओळ ही फार लहान गोष्ट आहे. ती बसवण्यास अर्धा तास पुरतो. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या घरी संगणक नाही आणि ज्याचा प्रयोगशाळेतील प्रत्येक तास मोजका आहे, त्याचा तास कशात खर्च व्हावा हे ठरवण्याचे सामर्थ्य त्या ओळीत आहे. सुरगाण्याच्या त्या विद्यार्थिनीने पुढच्या सत्रात आपल्या संगणकावर ही नोंद स्वतः केली व शेजारच्या दोघींनाही करून दिली. तिने नोंदीला दिलेले नाव ‘मी इथे आहे’ असे होते. आमच्या प्रयोगशाळेत तेच नाव कायम ठेवण्यात आले आहे.